बी शिफ्टमधली न शोभणारी जोडी

जुन्या हॉलीवूडच्या नाचगाण्यांच्या सिनेमांत नायक आणि नायिका एकमेकांना कधीही शोभत नाहीत. हे मी ऐकीव सांगत नाही. कुवेतमध्ये आल्यापासून मी असे सिनेमे इतके पाहिलेत की त्यांच्या फिती एकाला एक जोडल्या तर इथून बसऱ्याला जाऊन परत येतील आणि उरलेल्या फितीचे माझ्या पोटाला दोन वेढे बसतील. नायक पन्नाशीचा, डोक्यावर टोप. नायिका कॉलेजातून कालपरवा सुटलेली. तो पायांनी वीज पाडतो आणि तिला धड जिना उतरता येत नाही. नाहीतर ती राजघराण्यातली असते आणि हा जहाजावरचा खलाशी. पहिला तासभर दोघं अशी भांडतात की शेजारी असते तर आपण पोलीस बोलावले असते. मग कुठूनतरी शंभर व्हायोलिनं वाजायला लागतात, फरशी आरशासारखी चकाकते, दोघं हातात हात घेऊन एक गिरकी मारतात, आणि आपण खुर्चीत पुढे सरकून म्हणतो, अरे, ह्यांचं लग्न लावा कुणीतरी, मुहूर्त टळतोय!

हे वेड मला लावलं आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी. अध्यक्ष म्हणजे पुण्याचे पेट्रोकेमिकलवाले जुने इंजिनिअर. रंगीत टीव्ही आला तेव्हा जग बिघडलं असं मानणारे. सालमियातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये एक हार्ड डिस्क होती आणि तीत असे सगळे सिनेमे होते. शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी जो सापडेल त्याला ते पोहे घालून पकडत. बाकीचे लोक पोहे खाऊन मुलांच्या क्लासचं निमित्त सांगत. मला मुलं नव्हती, बायको नव्हती, निमित्त सुचायचं नाही. मी परभणीचा, एका कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्ट इंजिनिअर, अब्बासियात दोन खोल्यांत एकटा राहणारा. वय विचारू नका, सुटलेलं पोट बघा आणि हिशोब लावा.

तर एका वर्षी अध्यक्षांनी जाहीर केलं की स्नेहसंमेलनात लावणी नाही, कोळीगीत नाही. जुन्या अमेरिकन पद्धतीचं जोडीचं नृत्य होणार, शब्द मराठी, सूट-बूट आणि घेरदार झगा. सभागृहात असा सन्नाटा पसरला की एसीचं पाणी ठिबकलेलं ऐकू आलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. कुवेतात नाटक-नृत्यातल्या भूमिका कोण कशा करतो यावरून ठरत नाहीत. त्या ठरतात ड्युटीवरून. डॉक्टर, नर्स, रिफायनरीवाले, सगळे फिरत्या पाळ्यांवर. आज सकाळ, परवा दुपार, मग रात्र, मग सुट्टी. ज्याची सुट्टी जिच्याशी जुळते तो तिचा नवरा. स्टेजवरचा म्हणतोय मी. आमच्या एका ऐतिहासिक नाटकात आईपेक्षा मुलगा बारा वर्षांनी मोठा होता, कारण दोघांचीही सोमवारी नाइट नव्हती. त्या जुन्या सिनेमांतही हेच चालायचं, असं अध्यक्ष सांगत. स्टुडिओच्या पगारावर जे नट-नट्या रिकामे असतील त्यांना एकमेकांच्या गळ्यात बांधायचं आणि म्हणायचं, करा प्रेम.

आमच्या कारखान्यात ए ते डी अशा चार फिरत्या तुकड्या, माझी तेव्हा बी शिफ्ट. अध्यक्षांनी सगळ्या महिला सभासदांना विचारत विचारत शेवटी माझ्याकडे बोट केलं.

"तुमच्या बी शिफ्टशी एकच बाई जुळते."

"कोण?"

"ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर."

मी वळून पाहिलं. मग वर पाहिलं. मग आणखी वर.

ती उंच होती. कशी उंच ते सांगतो. सुलैबियाच्या वाटेवर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पाण्याच्या टाक्या आहेत ना, ती तिथून गेली की त्या टाक्या ताठ उभ्या राहतात. देवगडकडची होती. इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात सर्जनलोक तिच्या भुवईकडे बघून सुरी धरत. माझं डोकं तिच्या खांद्याला लागायचं, तेही केस फुगवले तर.

"हे?" तिने मला खालून वरपर्यंत पाहिलं. फार वेळ लागला नाही. "हे नायक?"

"बाई, मला पण नुकतंच कळालंय," मी म्हटलं.

तालमी अब्बासियातल्या एका बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये. एका बाजूला जिमची मोडकी सायकल, दुसऱ्या बाजूला हारिसने, म्हणजे तिथल्या रखवालदाराने, साठवलेली पाण्याच्या बाटल्यांची खोकी. अध्यक्ष लॅपटॉपवर सिनेमा लावत, नायक-नायिकेचे पाय दाखवत आणि म्हणत, "बघा, किती सोपं!" ते सोपं वगैरे काही नव्हतं. मला नाच म्हणून एकच गोष्ट येत होती, शाळेतली लेझीम. त्यात मी तालुक्यात पहिला होतो. दुसरा आलेला मुलगा पुढे साधू झाला असं म्हणतात. त्यामुळे अमेरिकन चाल सुरू झाली की माझे पाय आपोआप लेझमीवर जात आणि तोंडाने हुकूम सुटत. "एक दोन, वाक, उठ, तीन चार, वळ!"

"तोंड बंद ठेवून नाचता येत नाही तुम्हाला?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"तोंड बंद केलं की पाय पण बंद पडतात. एकाच मेन स्विचवर आहेत."

"आमच्याकडे अशा पेशंटला भूल देतात."

भांडणं रोज. सिनेमात तासभर चालतात, आमची महिनाभर चालली. माझा बूट तिच्या पायावर पडायचा, तिचं कोपर माझ्या कपाळावर. मंडळातल्या बायका तालीम बघायला डबे घेऊन येत आणि जाताना पोट धरून जात. अख्खं कुवेत तिला सिस्टर म्हणायचं. मला मात्र दुसऱ्याच आठवड्यापासून ते तोंडातून निघेना. मी नुसतं "अहो" म्हणू लागलो. ते तिच्या लक्षात आलं होतं की नाही, मला कळलं नाही. आलं असणार. ऑपरेशनच्या वेळी पोटात राहिलेला कापसाचा बोळा जिच्या लक्षात येतो तिच्या काय येणार नाही?

उंचीचा प्रश्न अध्यक्षांनी हॉलीवूडच्याच पद्धतीने सोडवायचा ठरवला. तिकडे म्हणे बुटक्या नायकाला पेटीवर उभा करत आणि उंच नायिकेला खड्ड्यातून चालवत. स्टेजला खड्डा पाडायला, कार्यक्रम ज्या शाळेत होता तिने परवानगी दिली नसती, म्हणून लांबलचक फळी आली. मी फळीवरून चालायचं, ती जमिनीवरून. पहिल्या चार पावलांपर्यंत मी देखणा दिसलो असं लोक सांगतात. पाचव्या पावलाला फळी संपली. मी संपलो नाही, मी तसाच हवेत पुढे गेलो, आणि पाण्याच्या खोक्यांवर असा आदळलो की तिकडे दूर दस्मानच्या किनाऱ्यावर भरती आली.

सगळे हसले. हसायचंच होतं ते. ती हसली नाही. तिने माझं मनगट धरलं, बोटं हलवून पाहिली, डोळ्यांत पाहिलं, आणि अध्यक्षांकडे वळून म्हणाली, "ती फळी घेऊन जा. आहेत तेवढे दिसू देत."

"अहो, पण शोभायला हवं ना जोडीला?"

"मला बघायला यायचे ना, मी उभी राहिले की चहा न पिताच उठायचे लोक. शोभत नाही म्हणून. तेव्हापासून मला शोभण्याचा कंटाळा आलाय. फळी काढा."

त्या दिवशी मला लागलं फक्त मनगटाला, पण दुखत राहिलं दुसरीकडेच.

त्यानंतर नाच जमायला लागला. कसा ते सांगतो. त्या सिनेमांत नायक हात वर करतो आणि नायिका खालून गिरकी घेते. मी हात वर केला की तो तिच्या नाकाशी थांबायचा. तिने एकदा वैतागून स्वतःचाच हात वर केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी खालून गेलो. सुळ्ळकन. वळून बाहेर आलो तेव्हा सम पडली होती.

अध्यक्ष ओरडले, "गिरकी नायिकेने घ्यायची असते! नायकाने नाही!"

"मग नायकाचा खांदा निखळवू का?" ती म्हणाली. "आमच्याकडे बेड शिल्लक नाहीत."

आणि शेवटची मोठी गिरकी तर आम्ही सरळ फुगडी केली. हात घट्ट, दोघांनी मागे रेलायचं, आणि गरगर. मी जड आणि बुटका, ती हलकी आणि उंच. दोघंही मागे झुकलो की बरोब्बर तोल यायचा. बेसमेंटचे खांब आमच्याभोवती फिरायचे, हारिस कानाला हात लावायचा.

मला आता सगळं कळलं होतं. म्हणजे माझ्या बाजूचं. तिच्या बाजूचं विचारायचं कसं? मी माणूस बडबडा. मुली बघायला गेलो की मीच इतकं बोलायचो की मुलगी पोहे ठेवून आत जायची ती परत यायचीच नाही. या वेळी ठरवलं, आधी नाच होऊ दे. स्टेजवर तिचा हात हातात असताना लोक बघतील, तीही बघेल, मग विचारू. तेवढा एक दिवस मला हवा होता, बाकी काही नको.

आणि तिथेच कारखान्याने घात केला. डी शिफ्टमधला एक जण गावी जाऊन तिथेच राहिला, आणि मला बी-मधून उचलून डी-मध्ये टाकलं. उरलेल्या सगळ्या तालमींना मी ड्युटीवर. कार्यक्रमाच्या शुक्रवारीसुद्धा ती मोकळी आणि मी ड्युटीवर, आणि मला सुट्टी असेल तेव्हा ती थिएटरमध्ये, कुणाचं तरी अपेंडिक्स हातात घेऊन.

मी अध्यक्षांना फोन केला तेव्हा त्यांनी दुःख केलं. पण ते फार टिकलं नाही.

"काळजी करू नका, आपले नाशिकवाले आहेत. जनरल शिफ्ट. रोज संध्याकाळी मोकळे, कुणाशीही जुळतात."

नाशिकवाले! सहा फूट, केसांत पाणी शिंपडल्यासारखी चमक, दात असे पांढरे की गाडी चालवताना हसले तर समोरच्याने लाइट डिप करावा. शिवाय साल्सा शिकलेले. माणूस इतका चांगला की त्याचा रागही करता येईना. त्याने स्वतःच मला फोन करून म्हटलं, "सर, तुमची जागा घेतोय, वाईट वाटून घेऊ नका." मी म्हटलं, "छे छे," आणि फोन ठेवून अर्धा किलो मस्कती हलवा खाल्ला.

एका संध्याकाळी कंपनीच्या बसला वेळ होता म्हणून बेसमेंटमध्ये डोकावलो. दोघं नाचत होते. अतिशयोक्ती करायची माझी सवय तुम्हाला कळली असेलच, पण इथे करत नाही: दोघं सुंदर दिसत होते. झुलत्या झग्याला तोलून धरणारा उंच माणूस, आणि ती पहिल्यांदा मान न वाकवता नाचत होती. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी. "याला म्हणतात जोडी," ते पुटपुटले. मीही मान हलवली. मग बसस्टॉपवर आलो आणि उभ्या बसमध्ये खिडकीशी जाऊन बसलो. आजूबाजूला डबे, हेल्मेटं, केरळी पोरांची मोबाइलवरची गाणी. इजिप्शियन ड्रायव्हर चहा संपवत होता. मी ठरवलं, संपलं. सिनेमातसुद्धा कधीतरी शोभणारी जोडी लागतेच की.

तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली.

ती उभी होती. झग्यावर स्वेटर, कपाळावर घाम. मी बसमध्ये बसलेलो आणि ती रस्त्यावर उभी, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा आमचे डोळे एका रेषेत आले. मी काच सरकवली.

"बघून न बोलता का आलात?"

"छान नाचायलात तुम्ही. शोभायलात."

"त्यांच्याबरोबर ताल चुकतो माझा."

"ते तर साल्सा शिकलेत!"

"ते गप्प नाचतात. मला वाक, उठ, वळ ऐकायची सवय झालीय." तिने कपाळ पुसलं. "तुमच्या डी शिफ्टच्या सुट्ट्यांशी जुळणारे ऑफ घेतलेत मी. कार्यक्रमापर्यंतचे सगळे. तुम्ही फक्त त्या शुक्रवारची सुट्टी मागा."

"घेतले? असे कसे मिळाले?"

"आमच्या कोट्टयमच्या सिस्टरकडून. अदलाबदल."

"तिला काय दिलंत बदल्यात?"

तिने रस्त्याच्या पलीकडे बघितलं. "गणपतीची सुट्टी."

मी परभणीचा असलो तरी एवढं मला ठाऊक होतं. थिएटरमधून एका वेळी एकच नर्स गावी जाऊ शकते. ओणम आणि गणपती मागे-पुढेच येतात, आणि त्या सुट्टीसाठी या दोघींची वर्षानुवर्षं लढाई चालू होती, आणि दरवर्षी देवगड जिंकायचं. कोकणातला माणूस नोकरी सोडेल, किडनी देईल, पण गणपतीची सुट्टी? त्या सुट्टीला एकदा इथल्या एका बॉसने नाही म्हटलं होतं, तर सगळे कोकणी एकदम आजारी पडले आणि डॉक्टरही कोकणीच निघाला. अशी ती सुट्टी तिने एका नाचासाठी देऊन टाकली होती. आणि मी तोंड उघडलं तर त्यातून काही निघेना. स्विच पडला होता.

मागून एक केरळी पोरगा म्हणाला, "साब, कुछ तो बोलो." ड्रायव्हरने चहाचा कप फेकला आणि तोही आरशातून बघू लागला.

"अहो," मी म्हटलं. "अहो, बाप्पा रागावतील."

"त्यांचं मी बघते. तुम्ही सुट्टी मागा."

बस सुटली. तिचं डोकं मागच्या खिडकीतून बराच वेळ दिसत राहिलं. मी म्हणतो पार तीसेक किलोमीटरवरच्या फहाहीलपर्यंत दिसलं, आणि माझ्याशी कुणी वाद घालू नये.

नाशिकवाल्याने जागा आनंदाने परत दिली, उलट दिवे सांभाळायला तयार झाला. मी सुट्टी कशी मिळवली ते वेगळं महाभारत आहे. शुक्रवारी दुपारी शाळेच्या सभागृहात आमचा पडदा उघडला, आणि आम्ही दोघं दिसलो मात्र, लोक हसले. पहिल्या रांगेतली इंग्रजी बोलणारी पोरं तर खुर्चीवरून घसरली. मला हसण्याची सवय आहे. मी तिच्याकडे बघितलं. तिने सगळ्या सभागृहाकडे अशी नजर टाकली, जशी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी गर्दी करणाऱ्या नातेवाइकांकडे टाकत असेल. मग माझ्याकडे वाकून म्हणाली, "हसू देत. मोजा."

मी मोजायला लागलो. मोठ्याने. वाक, उठ, वळ. तिचा हात वर गेला, मी खालून गेलो, आणि हसणं आणखी वाढलं. शेवटपर्यंत थांबलंच नाही ते. फुगडीला लागलो तेव्हा सगळी माणसं उभी राहून हसत होती, टाळ्या वाजवत होती, बायका तोंडाला पदर लावून ओरडत होत्या, "घुमवा! घुमवा!" मी मागे रेललो, तीही रेलली, आणि मला दिसलं की तीही हसतेय. डोकं मागे टाकून, दात दाखवून. तशी हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. शंभर व्हायोलिनं वाजत होती. अध्यक्ष म्हणतात साउंड सिस्टीम मध्येच बंद पडली होती. पडली असेल.

मेकअप पुसायला आम्हाला तिसरीचा वर्ग दिला होता. भिंतीवर फळांची चित्रं, बुटकी बाकं. ती बाकावर बसली तर गुडघे हनुवटीला लागले. मी उभाच राहिलो. महिनाभर तोंडपाठ केलेलं भाषण होतं. ते विचारता विचारता सगळं गळालं आणि उरलं एवढंच:

"माझ्याशी लग्न कराल का?"

ती केसांतल्या पिना काढत होती. "आईला सांगून झालंय."

"काय?"

"सांगावंच लागलं. गणपतीला येत नाही म्हटल्यावर तिने विचारलं, कोण मेलं? मी म्हटलं, कुणी मेलं नाही, नाचायचंय. मग तुमचं सगळं विचारलं तिने."

"काय सांगितलंत?"

"बुटका आहे. पोट आहे. घाटावरचा आहे. झोपेतही बोलत असणार."

"मग?"

"मग ती म्हणाली, बुटको आसा तर आसांदे. मासे खाता मां?"

आता ऐका. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. आमच्या आजोळी कुणी बोंबलाचं नाव घेतलं तर चूळ भरायचे. मी जन्मात माशाला बोट लावलेलं नव्हतं.

"खातो म्हणजे?" मी म्हटलं. "लहानपणापासून! आमच्या परभणीत मासे म्हणजे असे, रस्त्यावर फिरतात!"

तिची भुवई तशी वर गेली, जशी सर्जनकडे बघून जात असेल. मग तिने शेवटची पिन काढली, पर्स उचलली आणि म्हणाली, "चला मग."

"कुठे?"

"शर्कच्या मासळी बाजारात. अजून उघडा असेल. झुबैदी घेऊ, म्हणजे आपलं पापलेट. घरी तळते. आईला व्हिडिओ कॉल लावून तुम्हाला खाताना दाखवते."

तिच्या स्वयंपाकघरात तेलाचा वास सुटला होता, फोन डब्याला टेकवून ठेवला होता आणि त्यात देवगडची म्हातारी चष्मा सावरून माझ्या तोंडाकडे बघत होती. ताटात अख्खा मासा, डोळ्यासकट. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. मी मोठा तुकडा तोडला, काटा-बिटा न बघता.

"अहो, थांबा," ती माझ्या शेजारी बसत म्हणाली आणि बोटांनी, सावकाश, एकेक काटा काढून माझ्या ताटाच्या कडेला ठेवू लागली.